मदत हवी आहे: आई आणि मावशी प्रथमच रात्रीच्या गाडीने कणकवलीला निघाल्या आहेत

नेरूळवासी

माझी आई आणि मावशी अशा दोघीच 14 तारखेला रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने कणकवलीला जाणार आहेत. मामेभावाचे लग्न 16 तारखेला आहे. आजवर दोघींनी गावचा प्रवास एसटीने किंवा दिवसाच्या गाडीने, आणि तोही घरातले कोणीतरी सोबत असताना केला आहे. मला रजा मिळत नाही. सामान कुठे ठेवावे, दोघींनी झोपावे की एकीने जागे राहावे, कणकवली आल्याचे कसे कळेल आणि जेवण बरोबर द्यावे का, एवढे कोणी नीट सांगितले तर फार उपकार होतील. तिकीट काढून झाले आहे, त्यामुळे बसने पाठवण्याचा सल्ला कृपया देऊ नये. दिवस थोडे उरले आहेत, म्हणून लवकर उत्तरे मिळावीत.

तळकोकणी

तिकीट कोणत्या वर्गाचे आहे, ते पक्के आहे की आरएसी, दोघी कोणत्या स्थानकावर चढणार आहेत आणि दोघींची वये काय आहेत, हे कळल्याशिवाय उपयोगी असे काही सांगता येणार नाही. आरएसी असेल तर बाजूच्या खालच्या एकाच बर्थवर दोघींना बसून रात्र काढावी लागू शकते, आणि मग झोपावे की जागावे हा प्रश्नच उरत नाही.

मांडवीप्रेमी

माझे मत असे आहे की पहिल्यांदाच दोघी एकट्या जात असतील तर रात्रीची गाडी घेऊच नये. मांडवी एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास सुटते, सगळा प्रवास उजेडात होतो, खिडकीतून कोकण दिसते आणि गाडीत खाण्यापिण्याची चंगळ असते. दिवसा स्थानक चुकण्याची भीतीही राहत नाही.

नेरूळवासी

मांडवीबद्दल आभार, परंतु तिकीट कोकणकन्येचे आहे. शयनयान वर्ग, डबा एस 5, बर्थ 33 आणि 34, दोन्ही पक्के. आई 63 वर्षांची आणि मावशी 58 वर्षांची आहे. मावशीला गुडघ्यांचा त्रास आहे. पनवेलला मी गाडीत बसवून देईन. आता कृपया मूळ प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

सह्याद्रीपुत्र

जेवण घरी करूनच निघावे, कारण पनवेलला गाडी येईपर्यंत बहुतेक प्रवासी झोपलेले असतात आणि त्या वेळी डबे उघडून जेवणे कोणालाच सोयीचे नसते. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या आणि सकाळसाठी थोडा कोरडा खाऊ पुरेसा आहे. चहावाले पहाटेपासून फिरू लागतात. शयनयानात अंथरूण-पांघरूण मिळत नाही, म्हणून प्रत्येकीसाठी एक चादर, एक पातळ शाल आणि हवा भरायची उशी द्यावी. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत चार्जिंगची सोय बंद ठेवली जाते, म्हणून दोघींचे फोन घरूनच पूर्ण चार्ज करून द्यावेत. सामानासाठी साखळी आणि कुलूप मात्र अवश्य घ्यावे. खालच्या बर्थच्या तळाशी त्यासाठीच कड्या लावलेल्या असतात.

ऐरोलीकर

साखळीचा मला कधीच उपयोग दिसला नाही. मध्यरात्री अंधारात बर्थखाली वाकून कुलूप लावायचे आणि सकाळी उतरण्याच्या घाईत किल्ली शोधायची, हे गुडघे दुखणाऱ्या बाईंना कसे जमणार? त्यापेक्षा दोन मोठ्या बॅगांऐवजी दोन लहान बॅगा द्याव्यात आणि एक उशाशी घ्यायला सांगावी. दुसरे असे की नेरूळहून पनवेलला जाण्यापेक्षा ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाऊन तिथे चढणे बरे. ठाण्याला बाराच्या आधी गाडी येते आणि तेवढी अधिक झोप मिळते.

सह्याद्रीपुत्र

साखळी मुलाने लावून द्यायची आहे, आईने नव्हे. लग्नाला जाणाऱ्या सामानात दागिने आणि भारी साड्या असतात, त्यामुळे मोठी बॅग बांधलेली असली की माणसाला निर्धास्त झोप लागते. दागिने मात्र त्या बॅगेत ठेवूच नयेत.

निवृत्त आरक्षण लिपिक

वरील चर्चा उपयुक्त आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी, अशी माझी नेरूळवासी यांना विनंती आहे. तिकिटावर प्रवासाचे सुरुवातीचे स्थानक कोणते छापलेले आहे, आणि त्या स्थानकासमोर कोणती तारीख व कोणती वेळ आहे?

नेरूळवासी

तारीख 14 आहे, हे मी पहिल्याच ओळीत लिहिले आहे. मला सामान आणि स्थानक ओळखणे याबद्दल माहिती हवी आहे.

निवृत्त आरक्षण लिपिक

आपली घाई मी समजू शकतो, तरीही हा मुद्दा सोडून पुढे जाता येणार नाही. कोकणकन्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून रात्री अकराच्या सुमारास सुटते, ठाण्याला बाराच्या आत पोहोचते आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणजेच तारीख बदललेली असते. त्यामुळे एकाच गाडीच्या एकाच फेरीचे तिकीट ठाण्याहून काढले तर त्यावर 13 तारीख येते आणि पनवेलहून काढले तर 14 तारीख येते. आपले तिकीट पनवेलहून काढलेले असून त्यावर 14 तारीख आणि शून्याने सुरू होणारी वेळ छापलेली असेल, तर आपल्या आईंना 13 तारखेच्या रात्री घरातून निघायला हवे. 14 तारखेच्या रात्री जेवून निघाल्यास त्या पनवेलला पोहोचतील तेव्हा त्यांची गाडी जाऊन जवळपास एक दिवस झालेला असेल. त्या रात्री येणारी गाडी 15 तारखेची असेल आणि तिच्यात 33 व 34 या बर्थवर दुसऱ्याच कोणाची तरी नावे असतील.

याच्या उलटही शक्यता आहे. तिकीट ठाण्याहून 14 तारखेचे काढून नंतर चढण्याचे स्थानक पनवेल केलेले असेल, तर 14 तारखेच्या रात्रीच जायचे आहे. म्हणूनच मी स्थानक विचारले. दादरहून बारा वाजून गेल्यावर सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसच्या बाबतीत तर दादर, ठाणे आणि पनवेल या तिन्ही ठिकाणी हीच काळजी घ्यावी लागते. खिडकीवर काम करताना मी तारखेवर पेनाने गोल करून "आदल्या रात्री या" असे प्रत्येकाला सांगत असे, कारण या एका कारणाने कुटुंबेच्या कुटुंबे सामानासह फलाटावर अडकलेली मी पाहिली आहेत.

ऐरोलीकर

म्हणूनच मी ठाण्याहून चढण्याचा सल्ला दिला होता. ठाण्याला तारखेचा हा घोळ होत नाही.

निवृत्त आरक्षण लिपिक

तिकीट काढताना तो सल्ला योग्य ठरला असता, परंतु आता तो धोक्याचा आहे. तिकीट पनवेलपासूनचे असेल तर ठाणे ते पनवेल या टप्प्याचे भाडे भरलेलेच नसते, त्यामुळे ठाण्याला त्या डब्यात चढणे म्हणजे तेवढा प्रवास विनातिकीट होतो. चढण्याचे स्थानक पुढचे करून घेता येते, आणि तेही वेळेत कळवून. एकदा ते बदलले की मूळ स्थानकावर चढण्याचा हक्क राहत नाही.

नेरूळवासी

तिकीट उघडून पाहिले. पनवेल ते कणकवली असे आहे, तारीख 14 आहे आणि वेळ 00 ने सुरू होते. आज 12 तारीख आहे, म्हणजे उद्या रात्रीच निघायचे. आईला आत्ताच फोन करून सांगितले आणि मावशी उद्या दुपारीच आमच्याकडे येते आहे. निवृत्त आरक्षण लिपिक काका, तुमचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत. उद्या निघायचे असल्यामुळे बाकीच्या गोष्टीही कृपया आजच सांगाव्यात. मावशीला मधल्या बर्थवर चढता येणार नाही, त्याचे काय करावे?

तळकोकणी

33 हा खालचा आणि 34 हा मधला बर्थ आहे. दोन्ही एकाच बाजूला, एकावर एक, आणि डब्याच्या साधारण मध्यभागी आहेत, त्यामुळे दारांचा आणि स्वच्छतागृहांचा त्रास कमी होईल. मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघडता येतो, म्हणजे दोघी चढतील तेव्हा तो आधीच उघडलेला असण्याची शक्यता आहे. मावशींनी खाली आणि आईंनी मध्ये झोपावे, आईंना चढणे जमत असेल तर. न जमल्यास टीसी आल्यावर त्यांना वय आणि त्रास सांगून, खालचा बर्थ बदलून मिळेल का असे विचारावे. त्या वेळी सहप्रवासी झोपलेले असतात, म्हणून कोणाला उठवून अदलाबदल मागण्यापेक्षा टीसींमार्फत विचारणे चांगले. बर्थवर आधीच कोणी झोपलेले असल्यास वाद न घालता तिकीट दाखवावे, आणि तरीही न ऐकल्यास 139 वर कळवावे.

आता स्थानक ओळखण्याबद्दल. रत्नागिरीनंतर कणकवलीला साधारण दीड-दोन तास लागतात. वैभववाडी, मग नांदगाव आणि त्यानंतर कणकवली असा क्रम आहे, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. कोकणात बोगदे पुष्कळ आहेत आणि एकट्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे, त्यामुळे फोनवरच्या नकाशावर पूर्ण विसंबून राहू नये. रत्नागिरीच्या सुमारास वाजेल असा गजर लावावा. वैभववाडी गेले की चपला घालून, सामान बाहेर काढून तयार राहावे, कारण गाडी कणकवलीला फार वेळ थांबत नाही. गाडी कुठे आहे ते आपण घरून पाहत असाल तर गाडी सुटल्याची तारीख 13 निवडावी, नाहीतर दुसऱ्याच दिवसाची गाडी दिसत राहील.

सह्याद्रीपुत्र

त्यात एवढीच भर घालतो की खिडकीजवळ फोन हातात धरून बसू नये आणि रात्री खिडकीची काच व झडप लावून घ्यावी. दोघींपैकी एकीजवळ मूळ ओळखपत्र असलेच पाहिजे. शक्यतो दोघींनी आपापले ठेवावे.

मांडवीप्रेमी

परत येताना तरी मांडवीचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

नेरूळवासी

परतीचे तिकीट अजून काढलेले नाही. 20 तारखेनंतर कधीही चालेल, फक्त या वेळी दोघींना खालचे बर्थ मिळायला हवेत.

निवृत्त आरक्षण लिपिक

त्यासाठी साधारण कोट्याऐवजी ज्येष्ठ नागरिकांचा खालच्या बर्थचा कोटा निवडावा. त्यात 45 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रिया बसतात, म्हणून मावशींचे वय 58 असले तरी अडचण नाही. अट अशी की एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त प्रवासी नसावेत, त्यामुळे आपले किंवा आणखी कोणाचे नाव त्यात घालू नये. हा कोटा फक्त बर्थसाठी आहे. भाड्यातील सवलत 2020 पासून बंदच आहे. आरक्षण 60 दिवस आधी खुले होत असल्याने इतक्या जवळच्या तारखेला जागा कमी असतील आणि तत्काळचा विचार करावा लागू शकतो. शयनयानाचे तत्काळ आरक्षण सकाळी 11 वाजता उघडते, आणि त्याचा दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून मोजला जातो. परतीची कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी निघून कणकवलीला रात्री बाराच्या बरीच आधी येते, त्यामुळे कणकवलीला तारखेचा गोंधळ होणार नाही. मात्र ती पनवेलला पहाटे उजाडण्यापूर्वी पोहोचते, म्हणून आपण त्यांना उतरवून घ्यायला दुसऱ्या दिवशीच्या पहाटे फलाटावर हजर राहावे. दहा रुपयांचे फलाट तिकीट उद्या बसवून देताना आणि त्या पहाटेही आठवणीने काढावे.

नेरूळवासी

आजच संध्याकाळी परतीचे आरक्षण पाहतो. उद्या रात्री अकरापर्यंत आम्ही पनवेलला पोहोचू आणि एस 5 डबा फलाटावर कुठे येतो ते आधी विचारून ठेवू.