अमेरिकन टीव्हीवरचे जपानी पैलवान : दिसतात किती, आणि मोजायचं कसं?

परभणीचा_फड

राम राम मंडळी. तालमीतल्या पोरांसमोर तासाभराचं सादरीकरण करायचंय. विषय : अमेरिकेच्या टीव्हीवरचे जपानी पैलवान. खेळ आधी ठरवलेला असतो हे पोरांना ठाऊक आहे, त्यावर चर्चा नको. दोन ठिकाणी अडलंय. जपानात अव्वल असलेला गडी अमेरिकेत गेला की मधल्या फळीत का अडकतो? आणि "आता जपानी जास्त दिसतात" असं सगळे म्हणतात, त्याला आधार काय घ्यावा? नुसती नावं मोजून चालेल का?

मांजराकाठ

नावं मोजून फसगत होते. पंधरा सेकंद मागं उभा राहिलेलाही यादीत येतो. सलग चार आठवड्यांचे पूर्ण भाग घ्या आणि वहीत तीन रकाने आखा : घंटेपासून घंटेपर्यंतची मिनिटं, हातात माईक किती सेकंद होता, आणि शेवटी पाठ कुणाची टेकली. प्रवेशाचं संगीत वेगळं धरा, नाहीतर डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कुस्ती कंपनीत गेलेल्या शिन्सुके नाकामुरासारख्या जपानी गड्याचा आकडा उगाच फुगतो, त्याचा प्रवेशच लांबलचक असतो. यूट्यूबच्या क्लिपांवरून मोजदाद करू नका. त्या दोन-तीन मिनिटांत कापलेल्या असतात आणि त्यात फक्त शेवटचे डाव उरतात.

आता मधल्या फळीचं. पहिलं कारण जाहिराती. अमेरिकन केबलवर तासाभराच्या कार्यक्रमात खेळ साधारण ४२ ते ४५ मिनिटंच असतो. त्यामुळं सामना ब्रेकभोवती बांधतात. ब्रेकच्या आधी एक मोठी आदळआपट, ब्रेक चालू असताना खलनायक हनुवटीची पकड धरून बसतो, परत आल्यावर नायक उसळी घेतो. जपानी मुख्य सामन्याची बांधणी याच्या उलट असते. पहिली दहा मिनिटं एकाच अवयवावर सावकाश काम आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं वसूल. ४ जानेवारी २०१७ ला टोकियो डोममध्ये जपानचा काझुचिका ओकाडा आणि कॅनडाचा केनी ओमेगा ४६ मिनिटं ४५ सेकंद लढले. त्याच वर्षी जूनमध्ये पूर्ण ६० मिनिटं लढून बरोबरी झाली. दोन तासांच्या साप्ताहिक कार्यक्रमात एवढी जागा कुठून आणणार? तोच सामना ९ मिनिटांत बसवला की आधीची सावकाश मिनिटं जातात, नुसत्या उड्या राहतात, आणि बघणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही.

दुसरं कारण कॅमेरा. आपल्याकडं माळेगावच्या यात्रेत फडाला चारी बाजूंनी माणसं असतात, पैलवान कुठंही तोंड करून शड्डू ठोकतो. अमेरिकन टीव्हीला मात्र एक बाजू असते. मुख्य कॅमेरा एका जागी पक्का असतो, त्याला हार्ड कॅम म्हणतात. वेदनेचा चेहरा, विजयाची खूण, शेवटचा डाव, सगळं त्या दिशेला यावं लागतं. वीस वर्षं हॉलमधल्या माणसांसाठी लढलेल्या गड्याला ही सवय मुद्दाम मोडावी लागते. डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१३ मध्ये ऑर्लँडोला परफॉर्मन्स सेंटर उघडलं, तिथं बाहेरून आलेल्या अनुभवी लोकांकडूनही हे घटवून घेतात. चुकलं तर पडद्यावर पाठ दिसते, आणि दिग्दर्शक लगेच प्रेक्षकांवर कॅमेरा फिरवतो.

तिसरं कारण माईक, आणि माझ्या मते सगळ्यात जड तेच. अमेरिकेत भांडण आधी बोलून उभं करतात, मग लढतात. नाकामुराचं उदाहरण घ्या. २८ जानेवारी २०१८ ला त्यानं रॉयल रंबल, म्हणजे एकामागून एक उतरणाऱ्या पैलवानांची एकत्र लढत, जिंकली. रेसलमेनिया ३४ ला (रेसलमेनिया हा डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) एजे स्टाइल्सकडून हरल्यावर तो खलनायक झाला, आणि मुलाखतीत "मला इंग्रजी येत नाही" हेच त्याचं पालुपद केलं. अडचणीलाच व्यक्तिरेखा केलं. चार दिवस चाललं, पण त्यातून भांडण वाढत नाही. २०२३ मध्ये सेथ रॉलिन्सविरुद्ध त्याला आधी चित्रित केलेली जपानी भाषणं दिली, खाली इंग्रजी ओळी. तेव्हा तोच माणूस धोकादायक वाटला. गडी तोच होता, फक्त त्याला त्याच्या भाषेत बोलू दिलं. ही दोन्ही उदाहरणं पोरांना लागोपाठ दाखवाच.

बालाघाट

मांजराकाठ भाऊंचं पटलं, पण "दिसणं" म्हणजे काय हेही पोरांना सांगा. कारण जुन्या काळी जपानी दिसले की नाही यापेक्षा जपानी म्हणून कोण दिसलं हा प्रश्न मोठा आहे. किलर खान हा मूळचा मासाशी ओझावा. अमेरिकेत त्याला मंगोलियन म्हणून उभा केला, १९८१ मध्ये आंद्रे द जायंटचा घोटा मोडणारा म्हणून त्याचं नाव गाजलं. उलट १९९३ मध्ये रॉयल रंबल आणि मग अजिंक्यपद जिंकणारा योकोझुना सामोअन घराण्यातला. त्याला सुमो पैलवान म्हणून जपानी केलं, सोबत व्यवस्थापक मिस्टर फुजी, तोही जन्मानं हवाईचा. म्हणजे खऱ्या जपान्याला दुसरा देश आणि जपानी वेष दुसऱ्याला. मोजणीत हे दोघं कुठं धरायचे ते आधी ठरवा.

निकालाच्या नोंदीचंही बघा. ३० नोव्हेंबर १९७९ ला तोकुशिमात अँटोनियो इनोकीनं बॉब बॅकलंडला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचा (म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) अजिंक्यपदाचा पट्टा घेतला, पण कंपनीच्या अधिकृत यादीत विजेता म्हणून त्याचं ते राज्य नाही. जायंट बाबानं १९७४ मध्ये जॅक ब्रिस्कोकडून एनडब्ल्यूए या दुसऱ्या अमेरिकन कुस्ती संघटनेचं अजिंक्यपद घेतलं, ते मात्र धरलं जातं. हे दोन्ही सामने जपानात झाले.

टीव्हीवर खरा जम बसला तो ग्रेट मुटाचा, १९८९ मध्ये, अमेरिकेतल्या टीबीएस वाहिनीवर. रंगवलेला चेहरा आणि तोंडातून उडवलेलं हिरवं धुकं. हे धुकं आधी ग्रेट काबुकीनं टेक्सासमध्ये रूढ केलं होतं. मुटानंतर ताजिरी, आणि २०१९ मध्ये असुका. चाळीस वर्षं ही खूण का टिकली याचा विचार करा. तिला भाषा लागत नाही. लांबच्या रांगेतून दिसते, छोट्या पडद्यावर दिसते, आणि दोन सेकंदांत सामना उलटवते. आपल्या शड्डूचंही तसंच, कन्नड मुलखातल्या गड्यालाही तो कळतो. पण तोटाही तिथंच आहे. धुकं आलं की लेखकांना वाटतं जपानी पैलवानाचं काम झालं, मग गोष्ट लिहायची कशाला?

जालन्याची_प्रेक्षक

दोघा दादांनी पुरुषांवरच लिहिलं, म्हणून चित्र अपुरं राहिलं. "मधल्या फळीत अडकतात" हे बायकांच्या बाबतीत खरं नाही.

२४ जानेवारी १९८८, पहिली रॉयल रंबल, यूएसए नेटवर्कवर. जंपिंग बाँब एंजल्स, म्हणजे इत्सुकी यामाझाकी आणि नोरियो तातेनो, यांनी तीनपैकी दोन फेऱ्यांच्या लढतीत जोडीचे पट्टे जिंकले. आजही ती लढत जुनी वाटत नाही. १९९४ मध्ये बुल नाकानोनं टोकियो डोममध्ये अलुंड्रा ब्लेझकडून पट्टा घेतला. नंतर मोठी पोकळी आली, कारण अमेरिकेत बायकांच्या सामन्यांनाच दोन-तीन मिनिटं मिळायची. तिथं जपानी काय आणि कुणी काय.

असुका २०१५ मध्ये एनएक्सटीत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नव्या गड्यांच्या कार्यक्रमात, आली आणि ९१४ दिवस अपराजित राहिली. २०१८ ची पहिली महिला रंबल तिनंच जिंकली, नाकामुरा जिंकला त्याच रात्री. रेसलमेनियात शार्लटनं तिची मालिका तोडली. त्यानंतर तिला लगेच खाली ढकललं ही लेखकांची चूकच, एवढी कमाई पुढच्या गोष्टीत वापरलीच नाही. आयो स्कायनं ३ मार्च २०२५ ला रॉवर (डब्ल्यूडब्ल्यूईचा सोमवारचा साप्ताहिक कार्यक्रम) रिया रिप्लीला हरवलं आणि रेसलमेनिया ४१ ला रिया व बियांका बेलेअर दोघींसमोर पट्टा राखला.

डब्ल्यूडब्ल्यूईची स्पर्धक कंपनी एईडब्ल्यूही विसरू नका. २ ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्याच डायनामाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या साप्ताहिक कार्यक्रमात, रिहो पहिली महिला विजेती झाली. हिकारू शिदाकडं मे २०२० पासून ३७२ दिवस पट्टा होता. तो सगळा करोनाचा काळ, बराचसा रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या जागेत. नुसते दिवस मोजले तर हे राज्य मोठं दिसतं, पण प्रेक्षकांचा आवाज नसल्यानं लोकांच्या मनात ते तेवढं ठसलं नाही. म्हणून तुमच्या वहीत चौथा रकाना हवा : समोर गर्दी होती का.

परभणीचा_फड

ताई, बरोबर आहे, चौथा रकाना घेतो. आता तासात काय काय बसवावं? आणि थेट बघायचं तर आपल्याकडं किती वाजता?

मांजराकाठ

ताईंचं म्हणणं मान्य, मी "पुरुष" असं स्पष्ट लिहायला हवं होतं.

तासात चारच गोष्टी घ्या. एंजल्सची १९८८ ची लढत. ४ सप्टेंबर १९९५, डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या नायट्रो कार्यक्रमाच्या पहिल्या भागाचा पहिला सामना, जपानचा जुशिन लायगर विरुद्ध ब्रायन पिलमन, साधारण ७ मिनिटं. नवीन कार्यक्रमाची सुरुवातच जपानी गड्यापासून झाली होती, हे आवर्जून सांगा. मग नाकामुरा विरुद्ध सामी झेन, १ एप्रिल २०१६, डॅलस, साधारण २० मिनिटं. तो जाहिरातींविना झाला, म्हणून बांधणी जपानी वळणाची राहिली. शेवटी रॉमधला कुठलाही अलीकडचा सामना, ब्रेक कुठं येतो ते बोट ठेवून दाखवा. एंजल्सची लढत पूर्ण दाखवलीत तर झेनचा सामना शेवटच्या दहा मिनिटांपासून लावा, नाहीतर बोलायला वेळ उरणार नाही.

शोधताना जुनी नावंही टाका. असुका जपानात काना होती, आयो स्काय ही आयो शिराई, कायरी सेन ही कायरी होजो, हिदेओ इतामी म्हणजे केंटा. नव्या नावानं शोधलं तर जपानातली कारकीर्द सापडतच नाही आणि पोरांना वाटतं ही माणसं ऑर्लँडोतच घडली.

वेळ : अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर सोमवारी रात्री ८ म्हणजे आपल्याकडं मंगळवारी पहाटे ५:३०. हे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. हिवाळ्यात ६:३०, कारण त्यांची घड्याळं तासभर मागं जातात. रॉ नेटफ्लिक्सवर आहे. बुधवारचं डायनामाइट याच हिशेबानं गुरुवारी पहाटे. वीज जायची भीती असेल तर थेट बघण्याच्या भानगडीत पडू नका, आदल्या रात्री फोनवर उतरवून ठेवलेला मागचा भाग मोजणीला जास्त सोयीचा. थांबवून मागं घेता येतो, आणि माईकचे सेकंद तसंच मोजावे लागतात.