नववी-दहावीच्या पोरांसाठी पुस्तकांची वेगळी यादी कशाला?

कासराभर
सुट्टी लागली की 'मुलाला वाचायला काय देऊ?' हा प्रश्न सुरू होतो. उत्तरंही ठरलेली: फास्टर फेणे, नाहीतर थेट 'मृत्युंजय'. मधलं काही नाहीच. माझं मत असं की तेरा-चौदा वर्षांनंतर वेगळी यादी करूच नये. घरात मोठी माणसं जे वाचतात तेच पोरांनाही द्यावं.

नुकतीच लागोपाठ दोन पुस्तकं वाचली, दोन्ही धरणग्रस्तांची. ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा' (साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, 2017) आणि कृष्णात खोतांची 'रिंगाण' (साहित्य अकादमी, 2023). पहिल्यात धरणात जाणारं गाव एका पोराच्या नजरेतून दिसतं. दुसरीत उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला पुन्हा त्या रानात शिरतो. कथानक म्हणाल तर एवढंच. पण म्हैस आता रानटी झालेली असते, आणि माणसाचं तरी काय वेगळं झालंय, असं वाटत राहतं. पुण्यात पानशेत धरण म्हटलं की सगळ्यांना ते फुटून आलेला 12 जुलै 1961 चा पूर आठवतो. धरणाच्या पोटात गेलेली गावं किती जणांना आठवतात? बापलेकांनी ही दोन्ही एकापाठोपाठ वाचावीत. एक लहानांच्या कपाटात, दुसरं मोठ्यांच्या, हे मला पटत नाही.

चष्मिष्ट
सपशेल असहमत. 'खारीच्या वाटा' ठीक. 'रिंगाण'ची कोल्हापूरकडची बोली मलाच दमानं वाचावी लागली. सेमी-इंग्रजीतलं पोर चौथ्या पानावर पुस्तक उलटं ठेवणार आणि वर 'मराठी बोअर असतं' हे कायमचं डोक्यात बसणार, ते वेगळंच. वेगळी यादी म्हणजे पाणी घातलेली यादी नव्हे हो. सुरुवात मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' कादंबरीपासून करा. नववीतलाच मुलगा सांगतोय, त्याच्याच भाषेत.

निवांत_नलू
'शाळा' पोरांसाठी आहे हा मोठ्यांचा गोड गैरसमज. पुस्तक 2004 चं, काळ आणीबाणीचा, आणि वाचून गहिवरतात ते सगळे चाळिशीच्या पुढचे! माझ्या भाचीने वाचून विचारलं, "एवढी आवडते तर सरळ मेसेज का नाही करत?" मग आणीबाणी म्हणजे काय, हे सांगण्यात आमची संध्याकाळ गेली. (ती संध्याकाळ चांगली गेली, हेही खरं.)

चष्मिष्ट
म्हणजे पुस्तकाने काम केलंच की!

तळ्यातमळ्यात
भाषेचं सोडा, मजकुराचं बोला. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' सातवीतल्या लेकीला दिलं. फ्लोरिडाच्या जंगलातलं शेतकरी कुटुंब. बापाला साप चावतो, तो समोरची हरिणी मारून तिच्या काळजाने विष ओढून घेतो आणि मुलगा तिचं अनाथ पाडस घरी आणतो. पुढे ते पाडस मक्याचे कोंब खाऊन वर्षाचं पीक संपवायला निघतं. शेवट ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. लेक जेवली नाही. सासूबाई माझ्यावर चिडल्या, "असलं कशाला देतेस पोरीला?" मी परत देईन. पीक गेलं तर घर उपाशी राहतं, हे त्या पुस्तकात कुणी भाषण देऊन सांगत नाही, म्हणून ते पोचतं.

निवांत_नलू
सासूबाईंच्या बाजूने एक मत. सगळी मुलं सारखी नसतात. माझ्या मुलाच्या हातून मी ते काढून घेतलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नाही. दोन वर्षांनी वाचेल.

जुनाट_शिक्का
ग्रंथालयात नोकरी झाली आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. पालक येऊन 'काहीतरी प्रेरणादायी द्या' म्हणतात. मग वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (1981), अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरचं चरित्र, जातं. पुस्तक उत्तमच आहे, पण बक्षीस समारंभात वाटून वाटून आपण त्याचं प्रमाणपत्र करून टाकलं. गुलामीत जन्मलेला पोरगा मोठा झाला, टाळ्या, संपलं. कापूस घेऊन घेऊन कस गेलेल्या जमिनीत तो भुईमूग आणि रताळी का लावायला सांगतो, हे विदर्भातल्या नववीच्या वर्गात वाचा, बघा किती प्रश्न येतात. आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (1980), भटक्या जमातीत वाढलेल्या पोराचं आत्मकथन, 'मुलांना नको, भाषा फार कच्ची आहे' म्हणून परत करणारे पालक मी पाहिलेत. तीच मुलं फोनवर काय ऐकतात ते विचारू नका.

चष्मिष्ट
'उपरा' जरूर द्या, पण अकरावीत द्या. आधी द्यायचं तर शेजारी बसून. ज्याला पालावरचं जगणं ठाऊकच नाही, त्याला त्यातल्या शिव्याच तेवढ्या लक्षात राहतात.

कासराभर
आणि जो पोरगा पालावरच वाढलाय? त्याने स्वतःची गोष्ट वाचायला अकरावीपर्यंत थांबायचं? तुमची वयाची पट्टी फक्त फ्लॅटमधल्या पोरांना लागते.

जुनाट_शिक्का
+1

चष्मिष्ट
हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण 'रिंगाण'वर मी अजून अडूनच आहे. रविवारी लेकाला पहिली वीस पानं मोठ्याने वाचून दाखवतो. तो टिकला तर इथे येऊन लिहितो. टिकणार नाही, हे आत्ताच नोंदवून ठेवा.