बंबात काय काय जाळलंत? घरातलं टाकाऊ, जळण आणि गॅस-विजेची बचत (अनुभव धागा)

रंकाळाकाठ
परवा पाहुण्यांच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. हॉलच्या दारातच तांब्याचा बंब, घासून चकाचक, आणि वरच्या नळकांड्यात प्लास्टिकची फुलं खोचलेली. बायको म्हणाली, फोटो काढा. फोटो कसला काढतोय, मला आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या न्हाणीचा वासच आला एकदम.

आमच्या बंबाला विकतचं जळण फारसं लागायचंच नाही. नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफलं, मक्याची बुरकुंडं, वाळलेल्या झावळ्या, मोडक्या पाटाची फळी. राख गार झाली की डब्यात, ती भांड्यांना. भांडी विसळलेलं पाणी अळूला. शेणी (गोवऱ्या) मात्र आजी बंबात घालू द्यायची नाही, त्या चुलीच्या. कागद फक्त पेटवण्यापुरता, बाकीची रद्दी वाण्याकडं पुड्या बांधायला.

आता घरात तीन माणसं. रोज सकाळी घंटागाडीला बादली भरून कचरा, आणि गिझरचं बिल वेगळं. तुमच्याकडं काय चालायचं, अजून काय चालतंय, लिहा. उपदेश नको, अनुभव लिहा.

बावड्याचा_भाचा
पहिला नंबर! बंब आहे माळ्यावर. भंगारवाला दर दिवाळीला विचारतो, आई दर दिवाळीला त्याला हाकलते.

उत्तरेश्वरची
भुशाची शेगडी आठवते का कुणाला? वखारीतनं पोत्यानं भुसा आणायचा. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूला भोक. मधी बाटली उभी धरायची, खालच्या भोकातनं लाकडाचा दांडका बाटलीला टेकवायचा, मग भुसा घाल, ठोक, घाल, ठोक. गच्च बसला की बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची आणि दांडका ओढून घ्यायचा. भोक शाबूत राहिलं तर शेगडी निवांत तासन्‌तास जळते, धूर पण कमी. ढासळलं की आईच्या शिव्या आणि परत पहिल्यापासनं. बाटली काढायचं काम माझ्याकडं कारण भावाला दम निघायचा नाही. कडधान्य, हरभऱ्याची डाळ, म्हशीचं आंबोण, सगळं तिच्यावर. रॉकेलच्या रांगेत उभं राहायला नको म्हणून ही सगळी खटपट हो, पर्यावरण वगैरे कुणाच्या डोक्यात होतं!

पुण्यात_अडकलेला
ताई बाटली कसली होती ते नाही सांगितलं 😄

उत्तरेश्वरची
सरबताची होती ओ!! वडील माळकरी आमचे.

कागलकर_शेती
आमचं गुऱ्हाळ होतं. रस काढून झाला की चिपाड रानात पसरून वाळवायचं आणि तेच चुलवाणात. रस आटवायला बाहेरनं लाकूड आणल्याचं मला तर आठवत नाही. फक्त अवकाळी पाऊस पडला की बोंब, ओलं चिपाड नुसतं धुपतं आणि गुळव्या डाफरतो. वर आलेली मळी काढली की उकिरड्यात, चुलवाणाची राख रानात. म्हणजे ऊस आला तेवढा कुठं ना कुठं लागला. हल्ली काही जण चुलवाणात काय काय घालतात ते न बोललेलं बरं.

गुऱ्हाळ बंद झालं पण काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, ठेवलीय. गणपतीत मंडळाची पोरं घेऊन जातात, नदीऐवजी काहिलीत विसर्जन. कोल्हापुरात आता घाटावर, चौकाचौकात काहिली दिसतात त्या बऱ्याचशा अशाच गुऱ्हाळावरच्या.

अंबाई_टँक
काकवी मिळते का अजून तुमच्याकडं?

कागलकर_शेती
गुऱ्हाळ बंद झालं म्हणालो की राव.

मिसळवाली_काकू
घाईत लिहितेय, गिऱ्हाईक आहे. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळे डबा, किटली घेऊन यायचे पार्सलला. नंतर हळूहळू परत "काकू पिशवीत द्या ना". मी एकच केलं, जो घरनं डबा आणेल त्याला कट (मिसळीचा रस्सा) जास्त. पिशवी मागितली की कट मोजून. लोक भांडतात पण दुसऱ्या दिवशी डबा आणतात. कोल्हापूरचा माणूस कटासाठी काय पण करतो.

पुण्यात_अडकलेला
काकू दुकान कुठं?? हे महत्त्वाचं आहे

अंबाई_टँक
+१ पत्ता द्या

दोन_पोरांची_आई
सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एक बोलते. टरफलं वाळवायची, राख चाळायची, भुसा ठोकायचा, पहाटे उठून बंब पेटवायचा, हे करत कोण होतं? आमच्या आईचे डोळे धुरानं कायम लाल. तिला गॅस मिळाला त्या दिवशी तिनं फुंकणी पोरांना खेळायला दिली. मी बंब परत आणणार नाही, कुणी फुकट दिला तरी. आणि एक, आता बंब पेटवणारे त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल पण कोंबतात. तो धूर विषारी असतो. करवंटी वेगळी, हे वेगळं.

माझं आत्ताचं सांगते. डाळ-तांदूळ-बटाटा एकाच कुकरला, डाळ आधी भिजत. शिट्टी होऊ लागली की गॅस बारीक. पाणी उकळायला लागलं की त्याच्या वर ते तापत नाही, मोठा जाळ नुसता वाफेवारी जातो. कडधान्य अर्धं शिजलं की गॅस बंद, कुकर जुन्या वाकळेत (गोधडीत) गुंडाळून ठेवायचा. आतल्या वाफेवरच बाकीचं शिजतं. सासूबाई आधी हसल्या, आता स्वतःच गुंडाळतात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, लोंबता ठेवते. तो एवढासा तुकडा कुणी उचलत नाही, गटारात जातो. पिशवी धुऊन, वाळवून, गठ्ठ्यानं भंगारात.

रंकाळाकाठ
ताई, बरोबर आहे तुमचं. आजी पेटवायची, आम्ही नुसती आंघोळ करायचो.

बावड्याचा_भाचा
फुंकणी 😂😂 आमच्याकडं फुंकणीचा उपयोग मारायला व्हायचा

शुक्रवारपेठ
वाकळेवरनं आठवलं. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं. ओसरल्यावर गल्लीभर फोमच्या गाद्या, प्लायवुडची कपाटं, सोफे. सगळं फुगलेलं, चिखलात माखलेलं, टिप्पर भरभरून गेलं. आईच्या आणि आत्याच्या जुन्या लुगड्यांच्या तीन वाकळा होत्या, त्या नळाखाली तुडवल्या, गच्चीवर टाकल्या, आठवडाभर उन्हं खाल्ली आणि परत पलंगावर. आत चिंध्यांचे थर असतात, टाके जवळजवळ, त्यामुळं आतलं काही सरकत नाही. एका वाकळेला आत्याच्या लग्नातल्या शालूचा काठ आहे, तो रंग सुद्धा गेला नाही. नवी गादी घेतली खरी, पण तिच्याखाली वाकळच आहे.

दोन_पोरांची_आई
आत्याचा शालू... फोटो टाका ना.

चंदगडचा_पावणा
माझा विषय वेगळाय, चालेल का. आमच्या भागात, तिकडं राधानगरी, शाहूवाडीकडं पण, डोंगरात बॉक्साईट आहे. खाणी बघत मोठे झालो. लाल माती, ट्रक, पावसाळ्यात ओढे लाल. त्या बॉक्साईटचं अ‍ॅल्युमिनियम होतं आणि ते करायला वीज बेसुमार लागते. जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून परत वापरलं तर नव्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. म्हणून पोचे पडलेलं पातेलं, कुकरचं जुनं झाकण, काही म्हणजे काही मी कचऱ्यात जाऊ देत नाही. हॉटेलातनं आलेला फॉईलचा डबा पण धुऊन ठेवतो. बायको म्हणते भंगारवाल्याशी सोयरीक करा.

अंबाई_टँक
भारी माहिती. मला वाटायचं भंगारवाला नुसता पैशासाठी घेतो 🙂

बागवाले_आजोबा
माठातल्या खताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तळाला आणि बाजूला भोकं पाडलेला माठ. तळात नारळाच्या शेंड्या, वर वाळलेला पालापाचोळा, मग भाजीची देठं-सालं, परत पाला. ओलं जितकं त्याच्यापेक्षा वाळलेलं जास्त. अधूनमधून आंबट ताक शिंपडावे. वास सुटला की समजावे ओलं जास्त झालं आणि हवा जात नाही, पाला घालून हलवावे. अळ्या झाल्या तर घाबरू नये, त्या कामाच्या असतात. चहाची पावडर चालते, शिळी आमटी नको.

हेच ओलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डेपोवर गेलं की हवेवाचून कुजतं आणि मिथेन होतो. कचऱ्याचे डोंगर उन्हाळ्यात आतून धुमसतात त्याला हेही एक कारण. शिवाय ते ओझं वाहून नेणाऱ्या गाडीचं डिझेल धरा. सालं आपल्याच कुंडीत गेली की हे सगळं वाचतं. सध्या माझ्याकडे कोथिंबीर जोरात आहे.

शेणीवाली
आमच्या गल्लीत होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला देतात. कोल्हापूरकरांना माहीत आहेच, तिथं दहन शेणींवर होतं, महापालिका पैसे घेत नाही, बऱ्याच शेणी अशा दानातनंच येतात. मंडळाची पोरं फाल्गुनात घरोघरी फिरतात. माझे सासरे दर वर्षी आपल्या हातानं मोजून शेणी द्यायचे, कमी दिलेल्या चालायच्या नाहीत त्यांना. मागच्या वर्षी ते गेले. घाटावर शेणी रचताना दीर म्हणाले, अण्णांनी दिलेल्यातल्याच असतील यात काही.

उत्तरेश्वरची
🙏🙏

रंकाळाकाठ
🙏

पुण्यात_अडकलेला
ताई, 🙏 आमच्याही घरनं जातात शेणी. यंदा मी होळीला गावात असणार आहे, स्वतः नेऊन देतो.

गंगावेशचा
उशिरा आलो. आमच्याकडं दुधाच्या पिशवीचा प्रश्नच नाही, रात्री दूध कट्ट्यावर जायचं, म्हैस समोर, धार थेट ग्लासात. घरी न्यायचं तर किटली. पाहुणे आले की पहिलं तिकडंच नेतो, मिशी पांढरी होऊ दे म्हणतो.

अंबाई_टँक
मला पण न्या की मग

मिसळवाली_काकू
पत्ता विचारणाऱ्यांनो, इथं देत नाही, जाहिरात होईल. निरोप पाठवा. डबा आणायचा!! आजोबा, माठाला भोकं कशानं पाडू? आमच्याकडं कांद्याची सालं ढिगानं असतात.

बागवाले_आजोबा
माठ रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. मग मोठा खिळा आणि हलका हातोडा, एका जागी टिचक्या मारत, खिळा फिरवत. घाई केली की तडकतो. नाहीतर सरळ शाहूपुरी कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला जाऊन सांगा, कच्चा असतानाच भोकं पाडून भाजून देतील. कांद्याची सालं चालतात, पण वाळवून घाला, आणि एकदम ढीग नको.