सबमीटरवर १५१ युनिट आले, एवढा माझा वापरच नाही. घरमालक काकांशी काय बोलू?

सिस्टरताई (दारव्हा तालुका, यवतमाळ)
नमस्कार. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. गावातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. मीटर एकच, काकांच्या नावावर. माझ्या खोल्यांना सबमीटर. तीन वर्षं कधी वाद झाला नाही. मे महिन्यात घराचं बिल आलं ४१२ युनिटचं, ५,५६० रुपये. माझ्या सबमीटरवर १५१. काका म्हणतात, "तुझ्या कूलरनं वरचा स्लॅब लागला, तुझे सगळे युनिट १८ रुपयांनी." म्हणजे २,७१८ रुपये!

माझ्याकडे फ्रिज नाही, टीव्ही नाही. एक कूलर, दोन पंखे, तीन बल्ब. त्यात अकरा रात्री मी ड्युटीवर. पैसे बुडवायचे नाहीत मला, पण न जाळलेल्या विजेचे कुठून देऊ? आणि हे घर सोडायचं नाही. टायफॉइड झाला तेव्हा काकूंनीच पंधरा दिवस जेवण दिलं.

जुना वायरमन
बाई, भांडू नका, आधी हिशोब करा. हजार वॉट एक तास चाललं की एक युनिट. कूलर २०० वॉटचा धरा, दहा तास चालला तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०. पंखे, बल्ब मिळून फार तर ४०. मग वरचे पन्नास कुणाचे?
तुमच्या खोल्यांचा मेन स्विच बंद करा आणि सबमीटरचा लाल लाईट पाहा. लुकलुकत राहिला तर तुमच्या लाईनवर दुसऱ्याचं काहीतरी चालून राहिलं. एकदा पाहून सोडू नका. सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा.

दोन भाडेकरूंचा मालक
मी घरमालकाच्या बाजूनं बोलतो. कूलरनं युनिट वाढले हे काकांचं खरं आहे. पण पहिले १०० युनिट सगळ्यांनाच कमी दरानं लागतात, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असा दर चढत जातो. काकांनी स्वस्तातले १०० स्वतःकडे ठेवले आणि महागडे तुमच्या माथी मारले, हे बरोबर नाही. मी चालू बिलाला एकूण युनिटनी भागतो. तुमचं साडेतेरा रुपये पडतं. स्थिर आकार, १६ टक्के वीज शुल्क त्यातच आलं. मागची थकबाकी किंवा व्याज असेल तर आधी वजा करा, ते भाडेकरूचं नाही.

नागपूरकर वकील
वाद मिटेपर्यंत बिल अडवू नका. विद्युत अधिनियम २००३, कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. अंधार दोघांच्याही घरी होईल. स्वतंत्र मीटर हवं असेल तर कलम ४३ नुसार मालकच नव्हे, घराचा ताबा असलेला भाडेकरूही अर्ज करू शकतो. त्यासाठी भाडेकरार कागदावर असू द्या.

सिस्टरताई
वायरमनदादा, तुमचे उपकार. परवा पहाटे पाचला मेन स्विच पाडला. खोलीत काळोख, आणि पायरीवरच्या सबमीटरचा लाईट मात्र टिकटिक चालूच. काकांना तिथेच हाक मारली. ते गोठ्याकडे गेले, ढोरांच्या टाक्यात पाणी भरणारी मोटर बंद केली, आणि लाईट थांबला. मागच्या वर्षी विहिरीला जवळ पडतं म्हणून मिस्त्रीनं माझ्या मेन स्विचच्या आधीच्या लाईनवरून वायर ओढली होती. काकांच्याही ध्यानात नव्हतं. बराच वेळ ते मीटरपाशीच उभे राहिले.

मोटर अर्ध्या एचपीची, ताशी अर्धा युनिट. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास, म्हणजे महिन्याचे ४५. माझे उरले १०६. साडेतेराच्या दरावर जरा कुरबुर झाली, पण काकू म्हणाल्या, "पोरीचा हिशोब बरोबर आहे." १,४३१ रुपये दिले.

मिस्त्री पेरणी आटोपल्यावर येतो म्हणाला. तोवर मोटर कधी लावली, कधी बंद केली, हे काकू कॅलेंडरवर लिहून ठेवतात.