एकच घड्याळ : डाँग आणि लखपत

प्रश्न : अरुणाचल प्रदेशातील डाँग आणि कच्छमधील लखपत यांच्या रेखांशांत सुमारे २८ अंशांचा फरक आहे. अंशाला ४ मिनिटे धरली, तर सूर्योदयात जवळपास दोन तासांचे अंतर पडते. घड्याळ मात्र एकच. मग तेथील दिनक्रम कसा बसतो?

उत्तर १ : डिसेंबरात डाँगमध्ये चार-सव्वाचारच्या सुमारास दिवस मावळतो, त्यामुळे शेतीची कामे, सरपण आणणे, सारे दुपारीच उरकावे लागते, कार्यालये उघडेपर्यंत उजेडाचे कितीतरी तास सरलेले असतात. हे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर २ : त्याच दिवसांत लखपतला सव्वासातनंतरच सूर्य दिसतो. कच्छमधील मालधारी, म्हणजे पशुपालक, गुरे सोडतात ती उजेड पाहून; घड्याळ लागते ते शाळेला आणि एसटीला.

उत्तर ३ : आसामच्या चहामळ्यांनी यावर केव्हाच तोड काढली आहे. तेथील ‘बागान टाइम’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतो, म्हणून पानखुडणी सकाळच्या उजेडात सुरू होते आणि मजूर अंधारापूर्वी घरी पोहोचतात. ईशान्येला स्वतंत्र वेळ देण्याची मागणी रास्तच आहे. मात्र जिथे घड्याळ बदलेल, तिथे गाड्यांच्या वेळांची गल्लत होऊ नये म्हणून रेल्वेवाहतुकीची सुरक्षितता आधी पाहावी लागेल.