रोझेशियासाठी गहू सोडणं मला पटत नाही, तुमचं मत सांगा

मांजराकाठ (लातूर)
आमच्या धाकट्या जाऊबाईंचे गाल आणि नाक सतत लाल, उन्हातून आल्या की आगआग, मधूनमधून पुटकुळ्या. मुरमं समजून बरंच काही लावून झालं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशिया सांगितला आणि उपचार सुरू केले. तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच धोशा सुरू झाला: गहू बंद कर, ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) बंद कर, औषधांची गरजच नाही. आता त्यांनी मलम बाजूला ठेवलंय आणि पोळी सोडलीय.

मला हे चूक वाटतं, आणि काळजीही वाटते. रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. त्यात त्वचेची प्रतिकारयंत्रणा आणि रक्तवाहिन्या अति संवेदनशील झालेल्या असतात. त्वचेवर सगळ्यांच्याच असणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे या रुग्णांत जास्त सापडतात. ऊन, उष्णता, कढत पेय, जहाल तिखट, दारू, मानसिक ताण यांनी तो उफाळतो, हे डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं सांगत आलीत. या यादीत गहू कुठेही नाही. मेट्रोनिडॅझोल, ॲझेलाइक ॲसिड, आयव्हरमेक्टिनची मलमं आहेत, पुटकुळ्या जास्त असतील तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन देतात. इतकं हाताशी असताना पोळीला गुन्हेगार का ठरवायचं?

पूर्णाकाठ (परभणी)
ताई, मी तुमच्या विरुद्ध बाजूची आहे आणि अनुभवाने आहे. मलाही रोझेशियाच सांगितलाय. गहू पूर्ण सोडला, ज्वारी-बाजरीवर आले आणि चेहऱ्याची लाली उतरली. पोटाचा गुबाराही गेला. घरचे सगळे साक्षीला आहेत.

आणि हे नुसतं माझंच नाही. डेन्मार्कमध्ये २०१७ साली रोझेशियाच्या सुमारे ४९ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, इतर लोकांपेक्षा जास्त निघाला. इटलीत २००८ साली रोझेशियाच्या रुग्णांच्या लहान आतड्यात जंतूंची फाजील वाढ सापडली, तिच्यावर रिफॅक्झिमिन हे प्रतिजैविक दिल्यावर कित्येकांची त्वचा सुधारली. पोट आणि चेहऱ्याचा संबंध नाही असं कसं म्हणता? ज्वारीची भाकरी काही विष नाही. करून बघायला काय हरकत आहे?

बालाघाट (बीड)
मी सत्तरीचा माणूस. तुमचं वाचायलो आणि एक सांगावं वाटलं. आमच्या लहानपणी गहू सणावारालाच. रोज ज्वारीच. बहात्तरच्या दुष्काळात तर सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. आम्ही ज्वारी खाल्ली ती रानात तीच पिकायची म्हणून, चेहऱ्यासाठी नाही. आता सोयाबीननं ज्वारीची रानं खाल्ली, रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, आणि चांगली शाळू कित्येकदा गव्हापेक्षा महाग पडते. गरिबाच्या सुनेला गहू सोड म्हणणं सोपं नाही पोरी. ज्वारी खावी, जरूर खावी, अंगाला चांगली आहे. पण तिला औषध म्हणून विकू नका.

पूर्णाकाठ (परभणी)
काका, तुमचा शब्द मोठा. पण मी विकत काहीच नाही, मला आराम पडला तेवढं सांगतेय.

त्वचा ओपीडी
मी त्वचारोग विभागात काम करतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलतो.

पूर्णाकाठ ताई, तुम्ही दिलेले दोन्ही अभ्यास खरे आहेत. पण डेन्मार्कच्या अभ्यासात सिलिअ‍ॅकचा धोका सुमारे दीडपट निघाला. सिलिअ‍ॅक मुळात शंभरात एखाद्यालाच असतो, म्हणजे दीडपट धरूनही रोझेशियाच्या शंभर रुग्णांपैकी अठ्ठ्याण्णवांना सिलिअ‍ॅक नसतोच. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिलिअ‍ॅकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. शिवाय दोन आजार एका माणसात सापडले म्हणून एकामुळे दुसरा होतो असं ठरत नाही, आणि ग्लुटेन सोडल्यावर रोझेशिया हटतो हे तर त्या अभ्यासाने तपासलेलंच नाही. इटलीचा अभ्यास जंतूंबद्दल होता, ग्लुटेनबद्दल नव्हता.

तुमच्या पोटाचा गुबारा गेला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गव्हात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात, ती आतड्यात आंबून वायू धरतो. त्याला सिलिअ‍ॅक असावा लागत नाही.

आता एक प्रश्न, मनापासून विचारतो. तुम्ही गहू कधी सोडलात? परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, त्या दिवसांत आमच्याकडे रोझेशियाची रांग असते. मृग बरसला की निम्मे चेहरे आपोआप निवतात. हा आजार चढतो-उतरतो, म्हणून चढावर असताना जे कराल त्याला उताराचं श्रेय मिळतं. गव्हाबरोबर बेकरीही सुटते, चहा-खारी सुटते. चहा घेताना चेहरा लाल होतो तो चहापत्तीमुळे नाही, कढतपणामुळे. नुसतं गरम पाणी प्यायलं तरी होतो.

पूर्णाकाठ (परभणी)
उन्हाळा सरताना सोडला. पण डॉक्टर, पुढच्या उन्हाळ्यातही तितका त्रास झाला नाही. त्याचं काय?

त्वचा ओपीडी
त्या उन्हाळ्यात सनस्क्रीन, स्कार्फ, दुपारी घरात थांबणं, यातलं काही नवीन होतं का?

पूर्णाकाठ (परभणी)
हो, सगळंच. निदान झाल्यापासून उन्हाला जपतेच. तरी मी गव्हाचं श्रेय काढून घेऊ देणार नाही.

दुधनाकाठ (जालना)
मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे. वजन वाढत नव्हतं, सतत जुलाब, रक्त कमी. रक्ताची टीटीजी तपासणी आणि मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून निदान झालं. त्याच्यासाठी ग्लुटेन बंद म्हणजे जन्मभर बंद.

तुम्ही ज्याला ग्लुटेन सोडणं म्हणता ते गहू कमी करणं आहे. बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आपल्या येसरात भाजलेले गहू पडतात. धपाट्याच्या पिठात मूठभर कणीक असतेच. गिरणीत आधी गहू दळले असतील तर मागून पडणाऱ्या ज्वारीत ते उतरतात, म्हणून मी घरी छोटी चक्की घेतली. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोला वीस मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन चालतं, इतकं ते काटेकोर आहे.

आणि याचा त्रास आम्हाला होतो. चेहऱ्यासाठी, वजनासाठी गहू सोडणारे लग्नात एखादी पुरणपोळी खातात, त्यांना काही होत नाही. मग आमच्या लेकराच्या ताटात लोक पोळी वाढतात आणि म्हणतात, एकीनं काय होतंय. त्याला होतं. आठवडाभर होतं.

पूर्णाकाठ (परभणी)
ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. तुमच्या मुलाला आशीर्वाद.

मांजराकाठ (लातूर)
दुधनाकाठ ताईंनी नेमकं बोट ठेवलं. आता "काय हरकत आहे" याला माझं उत्तर. जाऊबाई पोळ्या सोडून दोन वेळ भाकऱ्या थापायला लागल्या. आमच्याकडे भाकरी चुलीवर होते. पेटत्या जाळासमोर, तोंडावर धग घेत. ज्या बाईला उष्णतेने आजार भडकतो तिला आपण आजार घालवायला चुलीपुढे बसवलं. त्या दिवसांत चेहरा आणखी लाल झाला, तर ग्रुपवर उत्तर आलं, शरीरातलं ग्लुटेन बाहेर पडतंय. मला संताप आला. भाकरी खायची तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थापावी, किंवा खिडकीजवळ गॅसवर व्हावी.

दुसरी हरकत, मलम सुटलं.

तेरणाकाठ (धाराशिव)
मी मेडिकल दुकानात काम करतो, या बाजूचंही ऐका. चेहरा लाल घेऊन येणाऱ्या दहा बायकांत कितीतरी जणी गोरं करणारी ट्यूब वापरत असतात. बेटामेथासोन नाहीतर मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, हुबेहूब रोझेशिया. सोडली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावतात. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी लोक जुनी ट्यूब दाखवून मागतात आणि मिळतेही. मी देत नाही, भांडणं होतात. गव्हावर एवढी चर्चा करताय, त्याआधी आरशाजवळच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा.

त्वचा ओपीडी
दादांचं शंभर टक्के खरं. ती ट्यूब एकदम फेकूही नका, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडवावी लागते. आणि सावळ्या चेहऱ्यावर लाली सहज दिसत नाही, रुग्ण कित्येकदा फक्त आग आणि टोचणी सांगतो, म्हणून रोझेशिया हुकतो आणि लोक वर्षानुवर्षं चुकीचं मलम लावत राहतात. डोळे चुरचुरत असतील, रांजणवाडी वारंवार होत असेल तर तेही सांगा, रोझेशिया डोळ्यांतही होतो.

ग्लुटेनशी खरोखर बांधलेला त्वचारोग वेगळा आहे, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. तो कोपर, गुडघे, ढुंगणावर प्रचंड खाजणाऱ्या फोडांनी दिसतो, गालावरच्या लालीने नाही. तिथे ग्लुटेन बंद हाच मुख्य उपचार.

रोझेशियाबरोबर जुनाट जुलाब, न भरून येणारं रक्त, घटणारं वजन किंवा घरात कुणाला सिलिअ‍ॅक असेल तर टीटीजी तपासणी करा. पण गहू खात असताना. सोडून महिने लोटले की तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते.

पूर्णाकाठ (परभणी)
इथेच तर माझं अडतं. माझ्या मावशीला पोटाचा असाच त्रास होता, रक्त कधीच भरलं नाही. तपासणीसाठी मला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावणार? मी नाही खाणार.

त्वचा ओपीडी
मग एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करून घ्या, त्याला गहू खावा लागत नाही. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बादच. असतील तर मात्र पुढे बोलावं लागेल, कारण ती जनुकं निरोगी माणसांतही पुष्कळ असतात. मावशींचं सांगितलंत ते बरं केलंत, त्यांचीही तपासणी व्हायला हवी.

पूर्णाकाठ (परभणी)
ही करते, आणि मावशीलाही नेते. सनस्क्रीन आणि मलम चालूच आहे, ते मी कधी सोडलं नव्हतं. गहू मात्र परत सुरू करणार नाही, मला त्याशिवाय बरं वाटतं आणि त्यासाठी मला कुणाची परवानगी नको.

मांजराकाठ (लातूर)
मलम चालू ठेवून भाकरी खाताय, तर माझा विरोध नाही. माझं भांडण मलम सोडायला सांगणाऱ्यांशी आहे. तेरणाकाठ दादा, जाऊबाईंच्या कपाटातून दोन ट्यूबा निघाल्या, एकीवर मोमेटासोन लिहिलंय. सोमवारी दोन्ही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेतेय.