मदत हवी आहे : मातीच्या ईसीवरून (विद्युतवाहकतेवरून) जड धातू ओळखता येतात का? (काळी माती, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टला जड धातूंमुळे मातीचे विद्युत गुणधर्म कसे बदलतात हा विषय घेतलाय. आमचं रान हातकणंगले तालुक्यात, ओढ्याला लागून. वरच्या अंगाला प्लेटिंगची (धातूचा मुलामा देणारी) छोटी युनिट्स आहेत. ओढ्याचं पाणी उसाला सोडावं का, असं चुलते सारखं विचारतात. त्यांना खरं उत्तर द्यायचंय.

समान अंतरावर धातूच्या चार खुंट्या ठोकून रोधकता (माती विजेला किती अडवते ते) मोजली. ओढ्याकाठी कमी, घरामागच्या तुकड्यात जास्त. एकास दोन पाण्यात माती ढवळून घेतलेली ईसीही काठालाच जास्त. पण हे धातूंमुळेच म्हणायला मन धजत नाही. काठाची जमीन सखल, उन्हाळ्यात वर पांढरं फुलून येतं. पाटपाण्यानं साचलेले क्षार आणि पोटॅशही वीज वाहतातच. त्यात काळी माती. तिचे चिकणकण ओले असले की त्यांच्या पृष्ठभागावरूनही वीज जाते.

उलट, ईसी कमी म्हणजे माती स्वच्छ असंही नाही. आमच्या मातीचा सामू आठच्या वर, चुनखडी भरपूर. अशा मातीत शिसं, जस्त, निकेल बरंचसं कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड होऊन बसतं, नाहीतर चिकणकणांना धरून राहतं. पाण्यात सुटं नसल्यानं ईसीत जवळपास दिसतच नाही. सहा संयुजेचं क्रोमियम मात्र क्रोमेट होऊन अशा मातीत सहज सरकतं. मला खरी धास्ती त्याचीच आहे.

आता घरामागची माती वाळवून, 2 मिमी चाळणीतून काढून, तिच्यात जस्त नायट्रेट मोजून मिसळणार आहे. पण जस्त मातीला चिकटलं तरी नायट्रेट सुटंच राहणार, शिवाय जस्तानं हुसकलेलं कॅल्शियमही पाण्यात येणार, आणि ईसी वाढणारच! म्हणून तुलनेला तेवढंच कॅल्शियम नायट्रेट घातलेला दुसरा संच ठेवला, ओल सारखी आणि तापमान 25 अंश ठेवलं, तर चालेल का? तापमानाला जपतोय कारण एका अंशाला ईसी साधारण 2 टक्के हलते.

दुसरं, एलसीआर मीटरवर (धारकता वगैरे मोजणारं यंत्र) स्टीलच्या दोन पट्ट्यांमध्ये माती दाबून डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात माती किती ध्रुवित होते त्याचं माप) घेतला, तर 1 किलोहर्ट्झच्या खाली आकडे अवाच्या सवा येतात. हे इलेक्ट्रोडजवळच्या (म्हणजे पट्ट्यांजवळ आयन साचून होणाऱ्या) ध्रुवीकरणामुळेच असणार. पट्ट्यांमधलं अंतर बदलून ते वजा करता येतं असं वाचलंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का? की सरळ चार इलेक्ट्रोडचा डबा बनवू?

आणि कोल्हापूर-सांगलीकडे मातीतले धातू एएएसवर (धातूंचं प्रमाण मोजणारं अणुशोषण यंत्र) विद्यार्थ्याला परवडेल अशा दरात कुठे तपासून मिळतील? नमुने द्यायचे तर किती ग्रॅम, कशात भरून, तेही सांगा.